दिवा निसर्गाने विझवला?

"बाई, ते कुंकू पुसा आधी. फोटोत बरं नाही दिसणार."

मंत्र्यांचा पीए बोलला. माझ्याच पडवीत उभा राहून. बूट पण काढले नव्हते मेल्याने.

माझा नवरा तांडेल. होडी त्याच्या हुकमाने चालायची. चार दिवसांपूर्वी तिन्हीसांजेला खाडीच्या तोंडाशी ती खडकावर आपटली. दोघे खलाशी पोहत किनाऱ्याला लागले. तो नाही लागला. सापडलाही नाही. आणि आमच्यात माणूस हाती लागत नाही तोवर बाई कुंकू पुसत नाही. 'गेला' असंही कोणी म्हणत नाही. 'दर्यावर आहे' म्हणतात. सासूबाई अजून त्याचं ताट वाढत होत्या.

मी पुसलं नाही. पण मलाच लाज वाटली, मीच काही गुन्हा केल्यासारखी. त्याचा राग अजून येतो.

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन कानाशी आले. "वहिनी, जरा समजून घ्या. साहेब एवढ्या लांबून आलेत."

साहेब आले. खुर्चीवर बसले. हात जोडले, आणि कॅमेऱ्याकडे बघत मला म्हणाले, "निसर्गापुढे कोणाचं चालतं, ताई? सरकार तुमच्या पाठीशी आहे."

निसर्ग! माझं डोकंच फिरलं. खाडीच्या तोंडावर, जेटीच्या टोकाला, होड्यांना खडक दाखवणारा दिवा आहे, तो गणपतीच्या आधीपासून बंद. सोसायटीच्या नावाने तीन अर्ज मीच लिहिले होते, माझं अक्षर बरं म्हणून. एकाचंही उत्तर नाही. तो दिवा काय निसर्गाने विझवला?

मी उठले. "साहेब, रडायला माझी माणसं आहेत. तुम्ही जेटीच्या टोकापर्यंत चला. शंभर पावलं. तो दिव्याचा खांब बघा आणि दिवा कधी लागेल ते सांगा."

साहेबांनी पीएकडे बघितलं. पीए म्हणाला, "साहेबांना पालीला कार्यक्रम आहे."

"मग फोटो पण पालीलाच काढा," म्हटलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

गाड्या गेल्या. वाटलं, आता बाया येतील, जवळ बसतील. कोणी आलं नाही. पुढे मासे घेऊन बाजारात बसायला गेले तर वर्षानुवर्षं शेजारी बसणारीने आपली टोपली लांब सरकवली. "तुझ्याजवळ बसले तर आमच्या होडीचा परवाना अडवतील गो," म्हणाली. खरं सांगते, होडी आपटली त्या दिवशीही मी इतकी एकटी नव्हते. तेव्हा अख्खी वाडी किनाऱ्यावर होती.

आता दर सोमवारी एसटीने रत्नागिरीला जाते. एकटीच. बंदर खात्याच्या कचेरीत दिव्यासाठी अर्ज देते. परवा तिथला कारकून वैतागला. "तुमच्या घरचं व्हायचं ते होऊन गेलं ना? आता दिवा कशाला हवा?"

"बाकीच्यांच्या होड्या काय डोंगरावर नांगरतात?" मी विचारलं.

अर्ज घेतला त्याने. त्यात एक ओळ मी नव्याने घातलीय. जेटीवर उद्घाटनाचा दगड आहे, त्यावर साहेबांचं नाव सोनेरी अक्षरांत. तसं आता दिव्याच्या खांबावरही नाव पाहिजे. दिवा बंद पडला तर कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, त्या माणसाचं. ते नाव लागेपर्यंत मी कचेरीत जात राहणार. नाव लागलं की त्या माणसाच्या दारात.