चिरलेलं अंग

आवळेपाड्यात नथूचं दुखणं त्याच्या बायकोच्या आधी गावाला कळलं. त्याला कारण बांधावरची करवंदाची जाळी. सकाळी माणसं ओढ्याकडे निघायची तेव्हा नथू जाळीमागे पाठ करून उभा असायचा, आणि माणसं आंघोळ करून परत यायची तेव्हाही तो तिथंच.

"काय रे नथू, खाचर भरल्याबिगर हलणार नाय का?" कोणीतरी ओरडायचं.

नथू हसायचा. दात दिसायचे, पण जीव सगळा खाली अडकलेला. धार सुरू व्हायची, तुटायची, पुन्हा थेंब थेंब. धोतर सावरून दहा पावलं गेलं की परत लागल्यासारखं. हे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल. नथूची पंचावन्न उलटलेली. दोन भातखाचरं, माळावर थोडी नागली, आणि मुलगा हरेश आटगावला कंपनीत. तक्रार करावी असं घरात काही नव्हतं.

शिवाय नथूकडे देवीचा मान होता.

चैत सरता सरता पाड्यात बोहाडा व्हायचा. देवादिकांचे लाकडी मुखवटे बांधून माणसं सोंगं नाचवायची, आणि शेवटच्या दिवशी ऊन चढता चढता देवी निघायची. तो मुखवटा नथूचा. म्हातारा नवसू फडक्याच्या पट्ट्यांनी तो डोक्याला आवळायचा, अंगावर लुगडं चढवायचा. एकदा मुखवटा बांधला की महिषासुर पडून आरती होईपर्यंत पाणी नाही, बसणं नाही, आडोशाला जाणं नाही. तीन तास संबळाच्या तालावर नाचायचं. बायका पोरं घेऊन पाया पडायच्या. वर्षभर खाचरात वाकणारा नथू त्या दिवशी कोणापुढे वाकत नसे.

पण हा मान मुळात त्याच्या घरचा नव्हता. तो त्याच्या चुलत्याचा, धाऊचा. शहात्तर साली नसबंदीची धरपकड चालली होती, तेव्हा धाऊला जीपमध्ये घालून नेलं आणि दुसऱ्या दिवशी आणून सोडलं. बोहाड्याची बैठक बसली तेव्हा नथूचा बाप उठून बोलला, "खंडित मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवतो का? मग चिरलेल्या अंगावर देवी कशी चढवायची?" सख्ख्या भावाबद्दल बोलला. बैठक गप्प राहिली, आणि गप्प राहिली म्हणजे कबूल झाली. मुखवटा नथूच्या डोक्यावर आला. धाऊ मरेपर्यंत देवीच्या वाटेकडे पाठ करून ओट्यावर बसायचा. त्याचा मुलगा गोमा बापाशेजारी बसायचा, पण तोंड वाटेकडे करून.

हरेशने बापाला शेवटी ओढूनच शहापूरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी एक गाठ असते, वयाबरोबर ती वाढते आणि नळीला आवळते. "हा कॅन्सर वाटत नाही. गोळी देतो, फरक पडेल. पण आली की अडवून धरायची नाही. पाणी बंद करायचं नाही. आणि सर्दीची गोळी मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, त्यानं कधी कधी लघवी पार अडते. एवढं करून भागलं नाही तर ऑपरेशन. दुर्बिणीतून करतात. बाहेर एक टाका पडत नाही."

"पण आत कापणारच ना?" नथूने विचारलं.

"आत खरवडणार."

"म्हणजे कापणार."

सहा महिने गोळीने बरं वाटलं, मग नथूने गोळी सोडली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ऑपरेशनचंच सांगितलं. पिशवी पुरी रिकामी होत नाही, थांबू नका, असं दोनदा म्हणाले. एसटीत बसल्यावर हरेश म्हणाला, "बाबा, देवी काय तुमचं पोट बघायला येणार हाय का?"

"देवी नाय रे. गोमा बघेल."



चार वर्षं अशी काढली. लग्नाला जायचं तर नथू सकाळपासून पाणी तोडायचा. सापगावच्या एका साखरपुड्यात जागेवरून उठता उठता धोतर ओलं झालं, तर त्याने तांब्या स्वतःच्याच मांडीवर सांडला आणि वाढणाऱ्या पोराला शिव्या घातल्या. गुणाबाई, त्याची बायको, लांबून बघत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "त्या पोराचं काय चुकलं होतं?"

दोन हजार दोनचा बोहाडा आला आणि नथूला सर्दीने गाठलं. मुखवट्याच्या आत नाक चोंदलं तर श्वास कुठून घ्यायचा? त्याने कसाऱ्याच्या दुकानातून सर्दीच्या चार गोळ्या आणल्या. दोन रात्री घेतल्या, दोन पहाटे. आदल्या दुपारपासून पाणी बंद. नवसूने पट्ट्या आवळल्या, संबळ वाजला, देवी निघाली.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला ओटीपोटात कळ उठली. मुखवट्याच्या आत घाम डोळ्यांत उतरत होता. समोर बायका वाकत होत्या. पाचव्या घरापुढे गोमा उभा होता, हात जोडून. नथू त्याच्यासमोर मुद्दाम जास्त वेळ नाचला.

आरती झाली, मुखवटा उतरला. नथू धावतच करवंदाच्या जाळीमागे गेला. कळ अशी की डोळ्यांपुढे अंधारी, आणि थेंब नाही. पोट हाताला मडक्यासारखं कडक. तास झाला तेव्हा गुणाबाई जाळीमागे गेली. देवीचं लुगडं नेसलेला तिचा नवरा जमिनीवर लोळत होता.

जीपमध्ये ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "लाज राखत बसलात ना? आता राखा."

शहापूरला नळी घातली. दीड लिटर निघालं. डॉक्टर रागावले नाहीत, हे नथूला जास्त लागलं. रक्त तपासलं, मूत्रपिंडांवर ताण आलेला. ठाण्याला ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर नथूने चादर वर करून पोट पाहिलं. कुठं ओरखडाही नव्हता. पण वर्षानुवर्षं ताणलेली पिशवी रबर सैल पडावं तशी पडली होती. आता वाट मोकळी होती, पण ढकलणारं कोणी नव्हतं. दोनदा नळी काढून पाहिली, दोनदा परत घालावी लागली. शेवटी नळी राहिली आणि मांडीला पट्ट्याने बांधलेली पिशवी राहिली.

पाड्यात परतल्यावर कोणी काही म्हणायच्या आत नथूने नवसूला निरोप धाडला. 'मी चिरलेला. पुढच्या साली गोमाला बांधा.' आपण नियम पाळला, एवढंच त्याच्यापाशी उरलं होतं. नवसूने उलट निरोप दिला, 'बरं.'

पुढच्या साली देवीच्या दिवशी नथू मुखवटा बांधतात त्या घरी मुद्दाम गेला. धाऊसारखी पाठ करून बसायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. गोमा उघड्या अंगाने पाटावर बसला होता. नवसू कमरेला फडकं गुंडाळत होता. फडक्याच्या वर, उजव्या कुशीत, बोटभर लांब पांढरा व्रण होता. दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा.

"हे काय?" नथूने विचारलं.

"अपेंडिक्स. कल्याणला झालेलं. पंधरा वर्षं झाली, दादा."

नथूने नवसूकडे पाहिलं. "बाबा, तुमाला ठावं होतं?"

"सगळ्यांना ठावं हाय. पाड्यात काय लपतंय?"

"मग नियम?"

नवसूने दातांत धरलेली पट्टी काढली. "नियम तुझ्या बापाचा होता रे. बाप गेला, त्याच्यासंगं गेला. देवीनं कंदी सांगितलं होतं?"

"मग चार वर्षं मला कोणी सांगितलं का नाय?"

"तू कंदी विचारलंस? गावाला वाटायचं, तुझं काय ते तू बघतोस."

गोमा खाली बघत होता. तो हळूच म्हणाला, "माझा बाप मरताना विचारत होता दादा, खरंच अंग खंडित होतं का म्हणून. तेव्हा तुमी घरी आलात, चहा पिऊन गेलात."

नवसूने मुखवटा चढवला आणि शेवटच्या गाठीसाठी सवयीने म्हणाला, "बोट धर रे कोणी."

जवळ नथूच होता. त्याने गाठीवर बोट धरलं. नवसूने पट्टी आवळली. बाहेर संबळ सुरू झाला, देवी उठून निघून गेली, आणि माणसं तिच्या मागे गेली.

नथू ओट्यापर्यंत आला. पिशवी भरत आली होती, मांडीला ओढ लागत होती. तो करवंदाच्या जाळीमागे गेला, खाली बसला आणि पिशवीची तोटी उघडली. धार सरळ, न तुटता पडली. क्षणात काम झालं. आज त्याला हाक मारायला बांधावर कोणी नव्हतं.