बिनचूक लिहिलेला निनावी अर्ज

पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात माझी नेमणूक होती तेव्हाचं एक प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही. कोर्टात ते कधी उभंच राहिलं नाही, तरीही.

सकाळची हजेरी संपली की मी चहा घेत टपाल बघायचो. एके दिवशी त्यात निनावी अर्ज निघाला. कापडे गावाच्या बाजूला एक बाई नऊ वृद्धांना स्वतःच्या घरात कोंडून ठेवते, वृद्धाश्रम म्हणून घराची नोंदणी नाही, असा मजकूर होता. असे अर्ज सहसा मोडक्यातोडक्या भाषेत असतात, कधी मुद्दाम तसे लिहिलेले. याला डावीकडे नीट समास होता आणि शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

स्टेशन डायरीला नोंद करून महिला हवालदारांसोबत निघालो. भातकापणीचे दिवस होते, अंगणाअंगणात झोडणी चाललेली. त्या घराला भरदुपारी खरोखरच बाहेरून कुलूप होतं. थोड्या वेळाने मालकीण भाजीची पिशवी घेऊन आली. मुंबईत दवाखान्यात आयाचं काम करून गावी परतलेली, पन्नाशीची बाई. आतले सगळे तिला ताई म्हणत.

"कुलूप मीच लावते, साहेब. एका आजोबांना काय आठवत नाय, हायवेवर चालत जातात. मी एकटी, बाजारात जायचं तर काय करू?"

"नोंदणी का केली नाही?"

"तपासायला आले तर बंद करतील. मग ही मानसं कुठं जातील? पोरं मुंबईला, एका खोलीत सहा-सहा जणं."

अंथरुणं स्वच्छ होती, औषधांच्या डब्यांवर नावं होती. पण मागे दार नव्हतं, आणि गॅसची शेगडी पुढच्या एकुलत्या दाराशेजारीच.

ते विसरभोळे आजोबा सोडून एकेकाचे जबाब घेतले. सगळ्यांचं म्हणणं एकच. "आमी आपल्या मर्जीनं हाव. ताईला काय करू नका." एका आजींनी तर हवालदारांचा हात धरला तो सोडेचनात.

शेवटचा जबाब एका निवृत्त शिक्षिकेचा. सहीआधी त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि हवालदारांना म्हणाल्या, "तुम्ही 'स्वइच्छेने' लिहिलंय. 'स्वेच्छेने' करा. आणि समास सोडत जा."

मी त्यांना अंगणात घेऊन गेलो. "बाई, अर्ज तुमचाच ना?"

त्या "हो" म्हणाल्या.

"ताई त्रास देते का?"

"माझ्या मुलीनेही इतकं केलं नसतं. पण गेल्या महिन्यात तिला बाजारात चक्कर आली. लोकांनी महाडला दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत आम्ही आत आणि किल्ली तिच्या कमरेला. गॅसवर दूध होतं, मी बंद केला म्हणून बरं. त्यानंतर तिला नोंदणीसाठी किती सांगितलं, ऐकेना. मग एका कार्यालयाला दोन अर्ज केले, नाव-सहीनिशी. उत्तर आलं नाही. साहेब, 'कोंडून ठेवलंय' असं लिहिलं नसतं तर तुम्ही आला असता का?"



गुन्हा दाखल करता आला असता. वरिष्ठांशी बोलून तसं केलं नाही. कुलूप त्याच दिवशी काढायला लावलं आणि समाजकल्याणकडे सविस्तर अहवाल पाठवला. अर्ज कुणाचा, हे त्यात लिहिलं नाही. पुढे वर्षभर ताई कागदपत्रांसाठी धावत होती. तपासणी झाली, मागचं दार झालं, संडासात धरायला दांडे लागले, एक मदतनीस आली. नोंदणी झाल्यावर शेजारचं बंद घर मिळालं आणि नऊचे वीस जण झाले. पण स्मृती गेलेल्यांना साध्या वृद्धाश्रमात ठेवता येत नाही, या नियमाप्रमाणे विसरभोळ्या आजोबांना लांबच्या संस्थेत हलवावं लागलं. गाडीत बसवताना ते ताईला "आई" म्हणून हाका मारत होते. तो दिवस आठवला की मला अजून बरं वाटत नाही.

निवृत्तीनंतर एकदा तिकडे गेलो. अर्ज लिहिणाऱ्या बाई वारल्या होत्या. ताईने चहा केला आणि म्हणाली, "अर्जाचं त्यांनी सोताच सांगितलं मला. दोन दिवस मी बोलले नाय त्यांच्याशी. मग वाटलं, तोंडावर सांगत व्हत्या तेवा मी ऐकलं कुठं?"

अर्ज खरा की खोटा हे तपासायला खात्याने मला शिकवलं. लिहिणारा कशाला भ्यायलाय, हे विचारायला त्या बाईंनी शिकवलं. त्याआधी कित्येक निनावी अर्ज मी 'तथ्य नाही' असा शेरा मारून दप्तरी दाखल केले होते. हल्ली दुपारी निवांत बसलो की त्यांतले काही आठवतात.