पहिल्या हाकेला ओ

शीलाताई पहिल्यांदा वाजलेला फोन कधी उचलत नसत. तो वाजून वाजून थांबे, परत वाजला की मगच त्यांचा हात पुढे जाई. "पहिल्या हाकेले ओ देऊ नाही, बापू," त्या मला सांगत. "ओ देणारा त्या हाकेमागं चालला जाते. खरं काम असलं तर मानूस दुसऱ्यांदा हाक मारतेच." भुतावर विश्वास आहे का, असं मी चिडवलं की हसत. "भुतावर नाही रे, मायवर हाय. तिनंच सांगतलं."

एका इंटरनेट कंपनीच्या यवतमाळच्या ऑफिसात आम्ही दोघं राउटरवर नजर ठेवायचो. ही यंत्रं ठरावीक वेळाने शेजारच्या यंत्राला हाक देतात. शेजाऱ्याच्या हाका लागोपाठ चुकल्या की तो मेला असं धरतात आणि वाट दुसरीकडून वळवतात. पडद्यावर जरा काही हललं की मी लगेच म्हणायचो, "ताई, आर्णीचं केंद्र गेलं." त्या दटावत, "लवकर मारू नोको कोणाले. थांब जराकसा." कापसाची ती वाईट वर्षं. अवेळी फोन वाजला की घराघरांत माणसं दचकत. ताईंची रीत मला तेव्हा शहाणपणाचीच वाटे.

फुलसावंगीचं केंद्र नामदेवभाऊ एकटे सांभाळत. ताईंची रीत त्यांना पाठ होती; पहिला फोन ते नुसता वाजवायला करत, बोलायला दुसरा. एका दुपारी फोन वाजून थांबला. ताई दुसऱ्याची वाट पाहत बसल्या. तो आलाच नाही. मग पडद्याकडे लक्ष गेलं, तर फुलसावंगीचा शेजार अर्धवट, म्हणजे एकाच बाजूने चालू दिसला. ताई वाकून म्हणाल्या, "तो आपल्याले हाक मारून राह्यला, पण आपली हाक त्याले आयकू जात नाही." निदान बरोबर होतं. जाण्या-येण्याच्या तारांच्या जोडीतली आपली हाक नेणारी तार निसटली होती. नामदेवभाऊंना सांगायला फोन लावला, तर तिकडे तो नुसताच वाजत राहिला. शेवटी केंद्रासमोरच्या किराणा दुकानदाराला आत पाठवलं.

केबलच्या खड्ड्यात नामदेवभाऊंना साप चावला होता. दचकून हात मागे घेताना तीच तार उपटली गेली होती. ते फोनच्या टेबलाखाली पडले होते आणि उशीर झाला होता. पहिलाच फोन घेतला असता तर, हे ताईंना कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

त्यानंतर ताई पहिल्याच घंटेला फोन उचलू लागल्या. कधीकधी पलीकडे नुसती खरखर असे. तरी त्या "ओ, बोल ना" म्हणत कान लावून बसत. एकदा न राहवून विचारलं, "ताई, कोण आहे?"

"मले आयकू येते," त्या म्हणाल्या. "माहं त्याले आयकू जात नाही."

पुढे त्या आजारी पडल्या. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्या पुटपुटत होत्या, "आयकू येते का रे?" येत होतं, मला सगळं ऐकू येत होतं. मी कानाशी वाकून हाका मारल्या, हात दाबला. त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. मला रडू आलं. मग मी हाका मारणं थांबवलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

ताईंनी मान दाराकडे वळवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "ओ."