उजवीकडची रांग

फोटो हातात आला की बाई आधी त्यातली रिकामी जागा बघायच्या. खिडकीशी जायचं, फिल्म काचेला लावायची, एक डोळा मिटायचा. काळी रेघ जिथं उमटायला हवी तिथं त्या सगळ्यात शेवटी बघत. आधी बघत ते जिथं काहीच उमटायला नको तिथं.

"असलेलं कोणीही दाखवेल," त्या म्हणत. "नसलेलं दाखव."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसईजवळ वालीवला कारखान्यांच्या वस्तीत, एका गाळ्यात आमची छोटी प्रयोगशाळा होती. तुम्ही त्या बाजूला गेला असाल तर पत्रा कापण्याचा आवाज तुमच्याही कानात बसला असेल. त्या सगळ्या गोंगाटात एक मुका गाळा होता, तो आमचा. सशांना एखादं प्रथिन टोचून त्यांच्या रक्तातून आम्ही त्याची अँटिबॉडी काढायचो. पेशीतल्या हजारो प्रथिनांतून तिनं नेमकं एकच ओळखून त्याला चिकटायचं असतं. बाईंच्या ताब्यात होती ती एका अवघड प्रथिनाची. ते केंद्रकात बसून कुठलं जनुक चालू ठेवायचं नि कुठलं बंद, हे ठरवतं. संशोधक ती एवढीशी कुपी मागवत. कुपीसोबत माहितीपत्रक जाई. त्यावर तपासणीचा फोटो आणि खाली बाईंची सही. ते पत्रक टाईप करून खोक्यात घालणं हे माझं काम.

मी तर पत्रकांवरच वाढलेला. वडील कामगार संघटनेत, आमच्या घरी मी अक्षरं गिरवली ती मोर्चाच्या पत्रकांच्या पाठीवर. पहिल्याच आठवड्यात मी बाईंना नफा नि पिळवणूक सगळं समजावून दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे तू बघितलंस, की कोणी सांगितलं?"

"बाई, हे सगळ्यांना माहीत आहे."

"मग बघायला सोपं असेल. बघ नि सांग."

बाई वसईच्या, वाडीवाल्या ख्रिस्ती घरातल्या. आधी शाळेत विज्ञान शिकवायच्या, म्हणून इथंही बाईच. लग्न केलं नव्हतं. घरी म्हातारी आई, बस्. डबा त्या सशांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून खात. "आमच्यात या ना," म्हटलं की म्हणत, "तुमच्यात बोलावं लागतं." सशांशी मात्र बोलत. सुई टोचताना "गप रे बाबा, दोनच मिनिटं." रविवारी मिस्सा झाली की वाडीतला कोवळा पाला घेऊन यायच्या. सशांना बाहेरचं काही घालू नये, हा नियम भिंतीवर त्यांच्याच अक्षरात लावलेला होता.

ज्या सशावर सगळं चालायचं तो मेला. नव्या सशाच्या रक्तातून नवा लॉट तयार झाला. बाईंनी तपासला. फोटोत डाव्या रांगेत ते प्रथिन असलेल्या पेशी, उजव्या रांगेत नसलेल्या. डावीकडे छान ठसठशीत रेघ. उजवीकडेही एक रेघ, फिकी, पण होती. म्हणजे ही अँटिबॉडी भलत्यालाच ओळख देत होती. बाईंनी "लॉट थांबवा" अशी चिठ्ठी लावून फोटो मालकांना दिला. दुसऱ्याच दिवशी त्यांची आई वारली.

त्या आठवडाभर आल्या नाहीत. शनिवारी मालकांनी तो फोटो माझ्यापुढे टाकला. चिठ्ठी त्यावर नव्हती.

"अरे, लय मोठा होतोय. उजवीकडचं उडव. लोकांना काय करायचंय त्याचं?"

उजवीकडची रेघ मला दिसली होती. पण संध्याकाळी तुळिंजला आमची सभा होती, पत्रकं वाटायची होती, मला निघायचं होतं. मी कात्री चालवली. खाली नेहमीची सही चिकटवली आणि झेरॉक्सला दिलं.

बाई परत आल्या तेव्हा अकरा कुप्या गेल्या होत्या. त्यांनी पत्रक हातात घेतलं आणि फोटोच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं.

"कापलंस?"

"साहेब म्हणाले."

त्या मालकांकडे गेल्या. कुप्या परत मागवा म्हणाल्या. मालक हसले. "बाई, रिसर्चवाले आहेत ते, पेशंट नाय. कोण मरतंय?"

माझं रक्त खवळलं. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. विज्ञानाचा बाजार, भांडवलाची मस्ती, कष्टकरी स्त्रीच्या सहीचा अपमान, सगळं त्यात होतं. छापण्याआधी अभिमानानं बाईंना दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि परत दिलं.

"कात्री कोणी चालवली, ते यात नाही."

ते पत्रक मी छापलं नाही.

बाईंनी माझ्याकडून रवानगीची वही घेतली. दोन दिवस डब्याच्या सुट्टीत, त्याच स्टुलावर, मांडीवर पॅड ठेवून अकरा पत्रं लिहिली. *ही कुपी वापरू नका. फोटो अर्धा आहे. चूक आमच्या इथली आहे.* मी विचारलं, "माझं नाव घालणार?"

"सही माझी आहे. नाव माझंच जाईल."

माझंही घाला, असं म्हणायला माझ्याकडे दोन दिवस होते. मी म्हटलं नाही. पत्रं पोस्टात पडली त्याच आठवड्यात मालकांनी बाईंना काढलं. मी तिथंच टिकलो, आणि दर शनिवारी तुळिंजला अन्यायावर बोलत राहिलो.

दीड महिन्यानं गाळ्यावर बाईंच्या नावानं एक पाकीट आलं. ते घेऊन मी वसईला गेलो. केळीच्या वाडीत कौलारू घर, दाराला कुत्रंसुद्धा नव्हतं. बाईंनी दारातच पाकीट फोडलं, वाचलं आणि माझ्या हातात दिलं. कुठल्याशा विद्यापीठातल्या मुलीचं होतं, इंग्रजीत. तिचे प्रयोग जुळत नव्हते. गाईडनं सगळ्यांसमोर तिला आळशी म्हटलं होतं. *माझेच हात वाईट आहेत असं मी धरून चालले होते,* तिनं लिहिलं होतं. *मी घरी परत जायला निघाले होते. आता जात नाही.*

"बाकीच्यांची?" बाईंनी विचारलं.

"नाही आली."

"बरं." त्यांनी पत्र परत घेतलं. "चहा ठेवते."

"नको बाई, उशीर होईल."

उशीर कसला व्हायचा होता! मला त्यांच्यासमोर बसवत नव्हतं.

कुंपणापाशी पोचलो तोवर मागून आवाज आला. मला हाक मारली असं वाटून वळलो. बाई ओट्यावर बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे, तोंड घराच्या उघड्या दाराकडे. आत आईची रिकामी खाट, दुसरं कोणी नव्हतं. त्या ते पत्र मोठ्यानं, ओळ न् ओळ मराठीत सांगत वाचत होत्या.