पंचावन्न मिनिटांचा रस्ता

विश्रामघाटावर, म्हणजे इथल्या स्मशानात, मनोहरदादांना पोचवायला त्या सकाळी आम्ही सव्वीस जण होतो. मोजायची मला सवय आहे, म्हणून मोजले. नऊ घरचे आणि नात्यातले, चार त्यांच्या कॉलेजातले जुने सहकारी, दोन आमच्या बस कंपनीचे, म्हणजे मी आणि आमचे वाहतूक व्यवस्थापक, आणि उरलेले अकरा ड्रायव्हर. अकराही एका वेळी नव्हते. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटांत दोघे-तिघे मिळून यायचे, हात जोडायचे, घड्याळ बघायचे आणि निघायचे. कोणाच्याही अंगावर साधे कपडे नव्हते, सगळे गणवेशात. व्यवस्थापकांनी मला हळूच विचारलं, प्रोफेसरसाहेबांचा आणि ह्या लोकांचा काय संबंध? मी म्हटलं, बसने जात-येत असायचे... उत्तर खोटं नव्हतं. पण पुरतंही नव्हतं. दादांच्या बाबतीत मी अशी उत्तरं पूर्वीही दिली आहेत, आणि आज सहा आठवड्यांनी हे लिहायला बसलो आहे ते त्यासाठीच.

दादा माझे सख्खे भाऊ नव्हते. आम्हा दोघांचेही वडील, मध्य प्रदेशची राजधानी इकडे आली तेव्हा, नागपूरहून एकाच ऑफिसाबरोबर भोपाळला आले, आणि टी. टी. नगरातल्या सरकारी क्वार्टरांत आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मला गणित त्यांनी शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी ते म्हणायचे, "आता हे बरोबरच आहे, हे मला दाखव." मला त्याचा कंटाळा यायचा. मला बेरीज जुळली की पुरे वाटायचं. पुढे ते इंजिनियरिंग कॉलेजात गणित शिकवू लागले, आणि मी बी. कॉम. होऊन शहर बस चालवणाऱ्या एका कंपनीच्या वाहतूक विभागात लागलो. ड्रायव्हरांच्या फेऱ्यांची पत्रकं माझ्याकडे येतात, मी त्यांची बेरीज करतो, महिन्याचा तक्ता करून वर पाठवतो. सत्तावीस वर्षांत माझी बेरीज चुकलेली नाही.

पाच वर्षांपूर्वी कंपनीला वेळापत्रक नव्याने करून हवं होतं. बाहेरचे लोक त्याचे फार पैसे मागत होते. मी दादांचं नाव सुचवलं. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि विषय त्यांच्या आवडीचा होता. घरी वहिनींच्या पोतीचा दोरा तुटला होता. ताटात पडलेले काळे मणी पुढे ओढून त्यांनी मला समजावलं होतं. प्रत्येक फेरी म्हणजे एक मणी. प्रत्येक बस म्हणजे एक दोरा. एक फेरी संपवून तीच बस वेळेवर दुसरी फेरी धरू शकत असेल, तरच ते दोन मणी एकामागे एक ओवता येतात. सगळे मणी ओवले गेले पाहिजेत आणि दोरे कमीत कमी लागले पाहिजेत. माणूस हे अंदाजाने करतो. गणित करतं तेव्हा नुसतं उत्तर देत नाही, याहून कमी दोऱ्यांत हे होणारच नाही, असंही सिद्ध करून देतं. हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वहिनी म्हणाल्या, "सिद्ध झालं असेल तर माझे मणी परत करा. दोन कमी आहेत." ते दोन मणी दादा मग अर्धा तास फरशीवर शोधत होते.

या सगळ्याला एकच कच्चा माल लागतो : कोणत्या मार्गाला, कोणत्या वेळी, किती मिनिटं लागतात. ती मी दिली. तीन महिन्यांची पत्रकं, स्वतः उतरवून, दोनदा तपासून. इथे आमच्या खात्याची एक रीत सांगायला हवी. फेरी संपली की शेवटच्या थांब्यावरचा टाइमकीपर पत्रकात पोचण्याची वेळ लिहितो. गाडी उशिरा आली तर ड्रायव्हरच्या पगारातून मिनिटाला दहा रुपये कापले जातात. उशीर रस्त्यावरच्या खोदकामाने झाला की वरातीने, हे कोणी विचारत नाही. म्हणून टाइमकीपर घड्याळाकडे बघतच नाही. जी वेळ छापलेली असते, तीच लिहितो. याचे तो पैसे घेत नाही. एका गरिबाने दुसऱ्याचा पगार वाचवावा, इतकाच हिशोब. टी. टी. नगर ते करोंद, कागदावर पंचावन्न मिनिटं. सकाळी पंचावन्न, संध्याकाळी पंचावन्न, मंडीत धान्याच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असली तरी पंचावन्न. हे मला माहीत होतं. आमच्या ऑफिसात शिपायालाही माहीत होतं.

दादांनी तक्ते चाळले आणि कौतुकाने म्हणाले, तुमचे लोक फारच नेमाने गाडी चालवतात, फरकच नाही. मी हसलो. मग त्यांनी चष्मा काढून सरळ विचारलं, अनिल, हे आकडे बरोबर आहेत ना? मी म्हटलं, ऑफिसच्या कागदांवरचेच आहेत, दादा, एकही मी मनाने घातलेला नाही... त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. आकडा बरोबर असणं आणि बरोबर उतरवलेला असणं यांतला फरक ज्याने मला लहानपणी शिकवला, त्यालाच मी हे उत्तर दिलं. का दिलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. खरं सांगितलं असतं तर टाइमकीपर अडचणीत आले असते, हे एक. आणि माझी तोवरची बावीस वर्षांची बेरीज कशाची होती, हेही उघडं पडलं असतं. दुसरं कारण मोठं होतं.

पूर्वी सेहेचाळीस बस लागायच्या. दादांच्या वेळापत्रकात एकोणचाळीस पुरल्या. कंपनीने शाल-श्रीफळ दिलं आणि महिन्याभरात उरलेल्या सात बस विकून टाकल्या. पहिल्या दिवसापासून सगळं कोलमडलं. पूर्वी करोंदला पोचल्यावर गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी राहायची. त्यात उशीर जिरायचा, ड्रायव्हर चहा प्यायचा, लघवीला जायचा. नव्या वेळापत्रकात तिथे पाच मिनिटं होती, आणि तीही खोट्या पंचावन्नच्या हिशोबाने. गाडी पोचायच्या आतच तिची पुढची फेरी सुटायची वेळ टळून गेलेली असायची. एक फेरी दहा मिनिटं मागे पडली की तिच्यामागचे सगळे मणी ओढले जायचे. पत्रकं मात्र तशीच येत राहिली. सगळे वेळेवर. मी बेरीज करत राहिलो.

सातव्या महिन्यात मंडीच्या थांब्यावर भाजीचं गाठोडं घेऊन एक बाई उतरत होत्या. ड्रायव्हर हरिप्रसाद सोळा मिनिटं मागे होता. बाईंचा एक पाय पायरीवर असतानाच गाडी हलली आणि त्या पडल्या. तिसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलात वारल्या.

दादांनी ते पेपरात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टी. टी. नगरहून करोंदच्या बसमध्ये बसले. संध्याकाळी शिवाजीनगरला माझ्या घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"अनिल, पत्रकात वेळ कोण लिहितं?"

"टाइमकीपर."

"घड्याळ बघून?"

मी त्यांच्यापुढचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत असतं, दादा."

"मला नव्हतं," ते म्हणाले. मग चपला घालून गेले.

चौकशी झाली. टेबलाशी व्यवस्थापक, एक वकील, हरिप्रसाद आणि दादा होते, आणि टिपण घ्यायला मी. दादांनी लेखी दिलं की वेळापत्रक चुकीचं आहे, प्रवासाच्या वेळा आपण स्वतः रस्त्यावर जाऊन तपासल्या नाहीत, दोष आपला आहे. वेळा तुम्हाला कोणी दिल्या, असं वकिलाने विचारलं. दादा म्हणाले, तपासणं माझं काम होतं. ते वाक्य मी माझ्या हाताने टिपणात उतरवलं, शब्द न शब्द बरोबर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही मान वर केली नाही. कंपनीने त्यांचं पत्र फाइलला लावलं आणि हरिप्रसादला काढून टाकलं. वेळापत्रक बदलता येणार नव्हतं, कारण बसच उरल्या नव्हत्या.

पंधरा दिवसांनी दादा मला घेऊन त्या बाईंच्या घरी गेले. करोंदच्या मागच्या वस्तीत एक खोली होती. त्यांचा नवरा बाहेर खाटेवर बसला होता. आप कौन, त्याने विचारलं. दादा म्हणाले, "टाइमटेबल मैंने बनाया था." त्याला त्याचा अर्थ लागला नाही. तो आत गेला आणि आमच्यासाठी दोन पेले पाणी घेऊन आला. आम्ही दोघे ते प्यायलो. दादांनी स्वतःचं सांगून टाकलं होतं. माझ्या वाटचं मला तिथेही बोलता आलं नाही.

त्यानंतरची चार वर्षं दादा बसमध्ये बसत राहिले. खऱ्या वेळा गोळा करायच्या आणि त्यांवर नवं वेळापत्रक करून कंपनीपुढे ठेवायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. प्रत्येक मार्ग, दिवसाचे चार प्रहर, प्रत्येक प्रहराच्या पाच फेऱ्या. मधुमेह होता, पाय सुजायचे. ड्रायव्हरांना आधी वाटलं की कंपनीने माणूस सोडला आहे. कारण फेरी संपली की दादा खाली उतरून टाइमकीपरला म्हणायचे, जो बजा है वही लिखो. पत्रकात खरं आलं नाही तर नुसत्या माझ्या वहीवर कंपनी का विश्वास ठेवेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ड्रायव्हर चिडायचा. मग दादा मिनिटं मोजून त्याच्या दंडाचे पैसे तिथेच त्याच्या हातात ठेवायचे. आठवड्याभरात त्यांचं नाव पडलं, 'जुर्मानेवाले सर'. एकदा शकीलभाई नावाच्या ड्रायव्हरने माझ्यासमोरच त्यांना म्हटलं, "सर, आज अपन टाइम से आ गए, माफ करना, आपको जुर्माना भरने का मौका नहीं दिया." दादा मोठ्याने हसले. त्या चार वर्षांतलं त्यांचं हसणं मला एवढंच आठवतं. वहिनी म्हणायच्या, लोक पेन्शन आणायला जातात, आमचे हे बसमध्ये वाटून येतात.

माझ्याशी ते बोलत होते. दिवाळीला फराळाला येत, मुलीचा अभ्यास घेत. त्या विषयावर एक शब्द कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. आता कळतं की ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते. बरोबर आहे, हे दाखवायचं काम ज्याचं त्यानेच करायचं असतं, असा त्यांचा नियम होता.

गेल्या वर्षी, तोवर जमलेल्या फेऱ्यांवर, त्यांनी नवं गणित केलं. खऱ्या वेळा धरल्या आणि प्रत्येक फेरीमागे ड्रायव्हरला दहा मिनिटं थांबायला दिली, तर पंचेचाळीस बस लागतात. सेहेचाळिसांवर एक बस वाचते. कंपनीने दोन ओळींचं उत्तर पाठवलं : पत्रकांतील सरासरी वेळ पंचावन्न मिनिटे असून, आपल्या फेऱ्या अपवादात्मक आहेत. ती सरासरी मी काढलेली होती. साहेबांनी मागितली आणि मी काढून दिली. उत्तराच्या पत्राची प्रत माझ्याच टेबलावरून गेली.

विश्रामघाटावर गेलो त्याच्या आदल्या दिवशी दादा सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. वहिनींचा फोन आला तेव्हा मी पत्रकं लावत होतो.

तेराव्यानंतर वहिनींनी त्यांची वही मला दिली. म्हणाल्या, यातलं मला काही कळत नाही, तुला कळेल. लांब जाडी वही, तारीख, मार्ग, ड्रायव्हरचं नाव, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ. दंडाचा रकाना नाही. मी सगळी पानं मोजली. त्यांच्या ठरवण्याप्रमाणे एक फेरी राहिली होती, करोंदची, संध्याकाळची, पाचवी.

मी वाहतूक व्यवस्थापकांना पत्र लिहिलं. पत्रकं कशी भरली जातात, मला ते कधीपासून माहीत आहे, दादांना वेळा कोणी दिल्या आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं, हे सगळं. टाइमकीपरांची नावं लिहिली नाहीत, माझं लिहिलं. हा लेख छापून येईल तेव्हा ते पोचलेलं असेल. नोकरीची सहा वर्षं राहिली आहेत, ती राहतील की नाही मला माहीत नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, दादा असताना लिहायचं होतंस...

पत्र टपालात टाकलं आणि संध्याकाळची करोंदची बस धरली. शकीलभाई चालवत होते. वही त्यांनी ओळखली, बोलले काही नाहीत. मंडीशी ट्रॉल्या लागल्या होत्या. करोंदला उतरलो तेव्हा एकाहत्तर मिनिटं झाली होती. टाइमकीपरने सवयीने पेन टेकवलं. मी म्हटलं, जो बजा है वही लिखो. त्याने शकीलभाईंकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि लिहिलं.

"सर तो गए," शकीलभाई म्हणाले. "आप कब तक दोगे?"

मी वहीत एकाहत्तर लिहिलं. सोळा मिनिटं, मिनिटाला दहा. एकशे साठ रुपये शकीलभाईंना दिले. त्यांनी ते मोजून खिशात ठेवले आणि लगेच गाडीवर चढले. पुढची फेरी सुटायला उशीर झाला होता.