खेकडा नव्हे, डिस्ट्रिब्यूटर

बाबांना झटका आला तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. लाल दिव्यांच्या गाड्यांना वाट देण्यासाठी आम्हा सगळ्यांना कडेला उभं राहावं लागायचं. मी तेव्हा नव्या मंत्रालयात टायपिंगचं काम करायची. बाबा रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर होऊन घरीच असायचे. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. उजवा हात लुळा झाला आणि वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'हव'. आमचं घर अमरावतीकडचं, घरात वऱ्हाडी बोललं जायचं. 'हव' हा इथल्या छत्तीसगढी गल्लीचा होकार. चहा हवा का विचारलं तरी 'हव', डोकं दुखतं का विचारलं तरी 'हव', आणि तुमचं नाव काय म्हटलं तरी 'हव'. त्यांना सगळं समजत होतं. तोंडातून भलतंच निघालं की ते डोळे मिटून घ्यायचे.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांना बोलतं ठेवा. म्हणून आई त्यांच्यापुढे चमचा धरायची, वाटी धरायची. "हे काय व्हय? सांगा बरं." बाबा वाटीकडे बघायचे, ओठ हलवायचे आणि भिंतीकडे तोंड फिरवायचे. एकदा त्यांनी डाव्या हाताने वाटी उडवून दिली. आईने ती उचलली, धुतली आणि त्या दिवसापासून चमचा-वाटीचा खेळ बंद केला.

पुरानी बस्तीतल्या आमच्या घराच्या अंगणात बाबांची व्हॅन उभी होती. एका बंद पडलेल्या मिशन दवाखान्याच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. जुनी जर्मन गाडी. इंजिन मागच्या बाजूला आणि ते पाण्याने नव्हे, हवेने थंड होणारं. दर रविवारी बाबा मागचं झाकण उघडून त्यात डोकं खुपसून बसायचे आणि स्वतःशीच बडबडत एकेक भाग पुसायचे. आईचं आणि त्या गाडीचं कधी पटलं नाही. "माही सवत" म्हणायची ती.

एक दिवस भंगार घेणारा कबाडी दारात आला. चाकातली हवा गेलेली बघून त्याने विचारलं, "दीदी, गाडी बेचोगे क्या?" आईने खुर्चीतल्या बाबांकडे बघितलं. "काय म्हंता? देऊन टाकायची का?"

"हव," बाबा म्हणाले. पण डाव्या हाताने त्यांनी खुर्चीचा दांडा असा आवळला की बोटं पांढरी पडली, आणि डोळे भरून आले.

आईने कबाडीला हात जोडून वाटेला लावलं. मग मला म्हणाली, "पोट्टी, धर खुर्ची." आम्ही दोघींनी बाबांना खुर्चीसकट उचलून गाडीच्या मागे नेऊन ठेवलं. आईने पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते झाकण वर केलं.

आतल्या धुळीने भरलेल्या पसाऱ्यात एक आडवं, जाडजूड नळकांडं होतं. आईने त्यावर बोट ठेवलं. "अवो, हा वरवंटा इथं कोनं ठेवला?"

बाबांच्या कपाळावर आठी पडली. "ना..."

"ना कसं? वरवंटाच तं हाय. मसाला वाटाले न्या लागते मले."

बाबांचा चेहरा लाल झाला. मानेची शीर फुगली. मी घाबरून पुढे झाले, आईने मला कोपराने मागे सारलं. "डा..." बाबा म्हणाले. "डाय... डायनमो!"

मी तोंडावर हात ठेवला. आई मात्र ढिम्म. "मले तं वरवंटाच वाटते."

"डायनमो!" बाबा ओरडले, आणि डावा हात मांडीवर आपटून पुन्हा म्हणाले, "डायनमो!"

आत येऊन आईने गॅसवर चहा चढवला आणि तिकडेच तोंड करून ती खूप वेळ डोळे पुसत राहिली. मग माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "उद्याले त्या गोल डब्याले काय म्हनू? कुकर म्हनू का?"

दुसऱ्या दिवशी तिने एअर क्लीनरला कुकर म्हटलं. मग कॉइलला पावडरचा डबा, कार्बोरेटरला किटली. बाबा चिडायचे, अडखळायचे, घामाघूम व्हायचे आणि तिची चूक सुधारायचे. त्यांना वाटी सांगता येत नव्हती, पण बायकोने कार्बोरेटरला किटली म्हणावं हे त्यांच्याने ऐकवत नव्हतं. हळूहळू त्या भागांच्या मागून घरातले शब्दही आले. एका दुपारी त्यांनी आपणहून "चहा" म्हटलं, आणि आईने चुकून दोन कप दिले.

एकाच शब्दाने मात्र दाद दिली नाही. काळ्या टोपीतून वायरींचे पाय फुटलेल्या त्या भागाला आई खेकडा म्हणायची. "डिस..." पर्यंत बाबा यायचे आणि थांबायचे. दिवाळी गेली, थंडी पडली, खेकडा खेकडाच राहिला.

थंडी सरताना मी भनपुरीहून एक मिस्त्री आणला. ट्रकवर हात बसलेला, हसरा माणूस. त्याने आधी पुढे इंजिन शोधलं, मग मागे येऊन वाकून बघितलं. "भैया, इसका रेडिएटर कौन निकाल लिया? पानी कहाँ डालते हैं?"

बाबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच, पोट हलेपर्यंत. "पानी नहीं," ते म्हणाले. "हवा. पंखा... हवा मारता है."

"अरे वा!" मिस्त्री कौतुकाने म्हणाला आणि कामाला लागला. नवीन बॅटरी बसवली, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोल भरलं. इंजिन फिरलं, पण धरेना. बाबांनी डावं बोट पुढे केलं. "वो... वो खोलो. डिस..."

आई दारात उभी होती. आज ती खेकडा म्हणाली नाही.

बाबांनी श्वास घेतला. "डिस्ट्री... ब्यू... टर. डिस्ट्रिब्यूटर! अंदर पॉइंट... साफ करो."

"हो," आई शांतपणे म्हणाली. "डिस्ट्रिब्यूटर." जराही न अडखळता. इतकी वर्षं दर रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने सगळं ऐकलं होतं. बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि आईने तो मिस्त्रीसमोर, माझ्यासमोर धरला.

पॉइंट घासून टोपी बसवली, आणि पुढच्याच फेरीला इंजिनाने धडधडत सूर धरला. सगळी गल्ली गोळा झाली. समोरच्या काकूंनी तर नारळच आणला.

चाकात हवा भरली आणि बाबांनी कधीकाळी शिकवलेलं आठवत मी स्टिअरिंगवर बसले. बाबा शेजारी, आई मागच्या सीटवर पोटाशी पिशवी धरून. बूढ़ातालाबाच्या वळणावर गाडी गचके द्यायला लागली, मागून हॉर्न वाजायला लागले आणि मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"पोट्टी, घाबरून काहून राहिली?" बाबा म्हणाले. "क्लच दाब. दुसरा गिअर टाक. दुसरा! हां, आता सोड."

मी सोडला. गाडी पुढे निघाली.