अक्काचे शब्द आणि आभासी संगणक

प्रश्न असा होता: आजच्या संगणकावर जुनी विंडोज चालवायची असेल, तर त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

प्रश्न मी मांडला, पण गरज अक्काची होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघी जयनगरच्या घरात राहतो. ती ग्रंथपाल होती, मी गणिताची शिक्षिका. आता दोघीही निवृत्त. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या आमच्यासारख्या घरांतल्या मराठीचा एक छोटा शब्दकोश अक्काने हळूहळू जमवला होता. कन्नडमधून आमच्या स्वयंपाकघरात येऊन राहिलेले ते शब्द. मात्र ज्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिने तो लिहिला, ते जुन्या विंडोजवरच चालते. जुना संगणक बंद पडल्यावर फायली हाती राहिल्या, पण नव्या लॅपटॉपवर त्यांत नुसती निरर्थक चिन्हे दिसत. मराठी मंडळ कोश छापणार होते. त्याआधी अक्काला तो एकदा आपल्या हाताने तपासायचा होता.

व्हर्च्युअलायझेशनचे सॉफ्टवेअर संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक उभा करते. त्याची डिस्क वेगळी, कार्यप्रणाली वेगळी. आपल्याला तो पडद्यावर एका खिडकीत दिसतो. अशी तीन सॉफ्टवेअरे मी तपासली. एक वेगवान होते, पण जुन्या विंडोजशी त्याचे जमेना. दुसऱ्यात अक्षरे उमटत, पण छपाई होईना. तिसरे थोडे संथ, तरी सारे काही करणारे. शिवाय त्यात ‘स्नॅपशॉट’ची सोय होती: आभासी संगणकाची एका क्षणाची स्थिती जपून ठेवायची आणि हवे तेव्हा जसेच्या तसे तिथे परतायचे. मी तिसरे निवडले, कोशाच्या फायली त्यात ठेवल्या आणि एक स्नॅपशॉट घेतला. निवड चूक नव्हती, असे मी आजही म्हणेन.

जुन्या विंडोजला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून ती अधूनमधून स्वच्छ स्थितीत परत न्यावी, असे मी वाचले होते. मला ते लगेच पटले. तास संपला की फळा पुसूनच वर्गाबाहेर पडायचे, ही माझी नोकरीभरची शिस्त. दुपारी अक्का काम करी. संध्याकाळी ती देवापाशी दिवा लावायला उठली, की आभासी संगणक मी बंद करी. बंद करताना एक चौकट येई, ‘स्नॅपशॉटवर परत न्यायचे का?’ अशा अर्थाची. मी तिथे खूण करी.

काही दिवसांनी अक्का म्हणाली, “पुट्टी, हुळीचा अर्थ मी काल सुधारला होता ना?” घरात धाकटी म्हणून मी अजून पुट्टीच आहे.

“काय होता अर्थ?”

“नुसतं ‘आंबट वरण’ होतं. भाजीशिवाय हुळी कसली? मी भाजी घातली होती.”

पडद्यावर ‘आंबट वरण’ एवढेच होते. मी शांतपणे समजावले, “अक्का, सेव्ह करायचं राहिलं असेल. आधी सेव्ह, मग बंद.”

“केलं होतं वाटतं.”

“वाटणं आणि करणं यांत फरक असतो.”

हे वाक्य मी वर्गात असंख्य मुलांना ऐकवले आहे. अक्काने मान डोलावली आणि हुळीत पुन्हा भाजी घातली. दुसऱ्या दिवशी भाजी पुन्हा नव्हती. आमच्या आईला शेवटी शेवटी आम्ही दोघी कोण, हेही आठवत नसे. अक्का दुपारी संगणकासमोर बसेनाशी झाली, आणि गॅस बंद केला का, हे पाहायला स्वयंपाकघरात वारंवार जाऊ लागली.

मंडळाच्या बैठकीत कोशाचे कुठवर आले, असे विचारले गेले. अक्का शेजारी बसलेली असताना मी म्हणाले, “हल्ली तिच्या लक्षात राहत नाही. थोडा वेळ द्या.” आवाज मऊ ठेवला होता.

“व्हायचंच गं, वय झालं,” एक बाई म्हणाल्या. “आमचे हे तर चष्मा लावून चष्मा शोधतात.”

सगळ्या हसल्या. अक्काही हसली. परतताना रिक्षात ती म्हणाली, “उरलेलं तूच कर, पुट्टी. माझ्यावर सोडू नकोस.”

म्हणून प्रस्तावना मी लिहायला घेतली. पान पूर्ण केले, सेव्ह केले, फळा पुसल्यासारखी खूण करून बंद केले. सकाळी उघडले, तर पान नव्हते. माझ्या मनात पहिला विचार आला, तो आईचा. मग सवयीने कारण शोधू लागले आणि ती खूण आठवली: स्नॅपशॉटवर परतताना त्यानंतर लिहिलेले सारे पुसले जात होते. मला त्या भीतीत जेमतेम चहा निवेपर्यंत राहावे लागले. अक्काला मी कित्येक दिवस त्यात ठेवले होते, वर सेव्ह कसे करायचे तेही शिकवले होते.

अक्का अंगणात कढीपत्ता तोडत होती. मी सगळे सांगितले. तिने नीट ऐकले.

“म्हणजे मी सेव्ह करत होते.”

“हो.”

“रोज.”

“रोज.”

“आणि तू रोज पुसत होतीस.” तिने पानांची जुडी माझ्या हातात दिली. “सरी, ठीक आहे. आता मंडळात जाऊन सांग. तिथे सांगितलंस तेवढ्याच मोठ्याने.”

मी पुढच्या बैठकीत सांगितले. कोणी म्हणाले, कॉम्प्युटरचं असंच असतं. मला ते मान्य करता आले असते. केले नाही. कॉम्प्युटरने मी सांगितले तेच केले होते.

गेलेल्या दुरुस्त्या परत मिळाल्या नाहीत. ती खूण मी कायमची काढली, आणि अक्काने कोश पहिल्यापासून तपासायला घेतला. तरी रोज दुपारी बसण्याआधी ती मला हाक मारते, “पुट्टी, कालचं आहे ना, बघ गं.” असते. मी तसे सांगते. तिला ते पुरत नाही. ती स्वतः हुळीपाशी जाऊन भाजी आहे का, ते पाहते.

तिसरे सॉफ्टवेअर चांगले आहे, हे माझे उत्तर. पण माझ्या उत्तरावर विसंबू नका. तुम्ही जे निवडाल, त्यात एक ओळ लिहा, सेव्ह करा, तुमच्या नेहमीच्या पद्धतीने ते बंद करा, आणि पुन्हा उघडून ती ओळ आहे का, ते स्वतः पाहा. घरातल्या कुणाला विसराळू म्हणण्याआधी पाहा.